मेन कोणी बंद केला?

इंग्लंडात थंडीच्या आधी घराचं जे काही करायचं असतं, ते सगळं मी केलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे चार दिवस माझ्याच घरात माझं हे म्हणणं कोणी ऐकून घेतलं नाही.

ऑक्टोबरात घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरची सर्व्हिसिंग करून घेतली. त्यासाठी सुट्टी मी टाकली, राजेंद्रने नाही. मग एका रविवारी ज्यांतून त्याचं गरम पाणी फिरतं ते भिंतीवरचे नऊच्या नऊ रेडिएटर हातात घेतले. छोटी किल्ली फिरवायची, सुस्स करत हवा निघून जाईपर्यंत थांबायचं, काळं पाणी आलं की फडकं लावायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. माझा नवरा तेव्हा सोफ्यावर बसून मराठी मंडळाच्या ग्रुपवर ‘ब्रॅकनेलला नव्याने आलेल्यांसाठी विंटर टिप्स’ टाइप करत होता. पाइपांना फोम गुंडाळा, बागेतला नळ आतून बंद करा, वगैरे. त्याला पंचवीस अंगठे मिळाले. आमच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, गुडघ्यांवर रांगत फोम गुंडाळला तो मी. बागेतला नळ आतून बंद करून रिकामा केला तोही मीच.

डिसेंबरात राजेंद्रच्या चुलतभावाचं लग्न नागपूरला होतं. घर तीन आठवडे बंद राहणार होतं. म्हणून फ्रीज रिकामा केला, पाइप गोठू नयेत इतकी हीटिंग चालू राहील असा थर्मोस्टॅट बारा अंशांवर ठेवला आणि घरातली ऊब वर जावी म्हणून लॉफ्टचं झाकण उघडं ठेवलं. सिंकखालचा पाण्याचा मुख्य कॉक तेवढा जाम झाला होता, माझ्याच्यानं फिरला नाही. राजेंद्रला दोनदा सांगितलं. हीटिंग चालू आहे ना, मग काही होत नाही, असं म्हणून त्याने हात झटकले. हीटिंग चालू असती तर खरंच काही झालं नसतं.

चार जानेवारीला परत आलो. दार उघडलं तर घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा आणि ओल्या प्लास्टरचा वास. जिन्यावरून पाणी खाली येत होतं. लॉफ्टमधला पाइप ख्रिसमसच्या कडाक्यात गोठून फुटला होता आणि जरा ऊन पडल्यावर वाहायला लागला होता. त्याखालची खोली आमच्या पंधरा वर्षांच्या मुलीची, पूर्वीची. छताचा अर्धा भाग तिच्या टेबलावर पडला होता. त्या टेबलावर तिचं जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, आर्टचं दीड वर्षाचं काम होतं. चारकोल, वॉटरकलर, पाच स्केचबुकं. तिने एक कागद उचलला तर तो मधोमध फाटून पाण्यात पडला. दुसरा तिने उचललाच नाही.

घरात लाइट नव्हते. पाण्यामुळे फ्यूज उडाला असेल असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला आणि जिन्याखालच्या कपाटात डोकं घालून म्हणाला, एकही फ्यूज उडालेला नाही, मेन स्विच कोणीतरी हाताने बंद केलाय. आणि वीजच नसेल तर बॉयलर कसा चालणार? थर्मोस्टॅट बारावर ठेवा नाहीतर बावीसवर.

राजेंद्र माझ्या शेजारीच उभा होता. क्षणभरही न थांबता म्हणाला, "गिरिजा, निघायच्या घाईत तूच केला असशील."

पूर्वी किचनच्या दारात होती. "आई, तू म्हणाली होती सगळा चेक केला," एवढंच ती बोलली. त्यानंतर चार दिवस माझ्याशी एक शब्द नाही. मी ताट वाढलं की ती ते उचलून दुसऱ्या खोलीत जायची. सर्वांत वाईट म्हणजे मलाच माझी शंका यायला लागली. भांडी घासताना निघायच्या दिवशीची ती सकाळ मनात पुन्हा पुन्हा उलगडून बघायचे. कपाटात शेवटचा हात मी घातला होता का? मला बाकी काही नको होतं. माझ्या हातून हे झालेलं नाही, एवढं माझ्या मुलीला कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी राजेंद्र किचनमध्ये इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर बोलत होता. मी कपडे वाळत घालत होते. त्याचा तो ऑफिसमधला गोड आवाज कानावर आला: "माय वाइफ मॅनेजेस द हाउस. शी मस्ट हॅव स्विच्ड इट ऑफ." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ रेडिएटरांची हवा काढली तेव्हा घर आमचं दोघांचं होतं. छत पडल्यावर ते माझ्या एकटीचं झालं.

हातातला ओला टॉवेल तसाच टाकून मी पुढच्या खोलीत गेले. तिथे अण्णा, म्हणजे माझे सासरे यादवराव, फॅन हीटरसमोर पेपर वाचत बसले होते. सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते, लग्न आटोपून पुन्हा आमच्याबरोबर परतले होते. घरात पाणी दिसताच त्यांना दारातूनच माझ्या मैत्रिणीकडे, स्नेहलकडे, पोचवलं होतं आणि लाइट आल्यावर परत आणलं होतं. त्यानंतरची सगळी चर्चा त्यांच्यासमोर इंग्रजीत चालली होती आणि राजेंद्रने त्यांना सांगितलं होतं की पाइप जुना होता. इन्शुरन्सवाले काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं.

"म्हणतात, जाताना मेन बंद केला म्हणून पाइप फुटला," मी म्हणाले.

अण्णांनी चष्मा काढला. "मेन तर मी बंद केला."

चौतीस वर्षं नागपूरला वीज मंडळात नोकरी केलेला माणूस. गावाला जायचं म्हणजे आधी गॅस, मग नळ, आणि सगळ्यांत शेवटी कुलूप हातात घेऊन मेन. माझ्या माहेरीही तेच. आमच्याकडच्या कुठल्याही घरात तेच. तिकडे त्याने कोणाचा पाइप फुटत नाही. हे सगळं मला त्याच क्षणी कळलं, तरी मी त्यांच्यावर ओरडले. चार दिवसांचा राग होता, तो समोर सापडलेल्या माणसावर निघाला. निदान एका शब्दाने विचारायचं तरी, असं म्हणाले.

"विचारलं होतं," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुमच्या घरातल्या बटणाला मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. तुम्ही दोघी टॅक्सीत बसला होतात. मी राजूला विचारलं, मेन बंद करू का. तो म्हणाला, करा."

राजेंद्र दारात येऊन उभा होता. फोन अजून हातात होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझा सगळा राग योग्य पत्त्यावर गेला. आधी म्हणाला, पासपोर्ट शोधत होतो, लक्ष नव्हतं. मग इलेक्ट्रिशियन आला तेव्हा आठवलं नाही का, असं विचारलं तर फोन खिशात घालायला लागला. आणखी खोदून विचारलं तेव्हा निघालं की जाताना हीथ्रो विमानतळावर असतानाच त्याच्या फोनवर मेसेज आला होता, घरातल्या थर्मोस्टॅटचा संपर्क तुटला म्हणून. आमची किल्ली स्नेहलकडे होती. तिचं घर पाच मिनिटांवर. पण सुट्टीत कशाला कोणाला त्रास द्यायचा, असं म्हणे त्याला वाटलं. आणि परत आल्यावर खरं सांगितलं असतं तर अण्णांना वाईट वाटलं असतं.

"म्हणून माझ्यावर खापर फोडलंस," मी म्हणाले. "त्यांचं मन जपायला तुला मीच सापडले."

त्याने आवाज खाली घ्यायला सांगितलं. मी घेतला नाही. जिन्यापाशी जाऊन पूर्वीला हाक मारली.

ती येताच, आम्ही कोणी काही बोलायच्या आत अण्णा उठून उभे राहिले. "पूर्वी, मेन मी बंद केला होता. तुझी चित्रं माझ्यामुळे गेली बेटा." पूर्वीने जाऊन त्यांना मिठी मारली. "इट्स ओके, आजोबा. तुम्हाला माहीत नव्हता." अर्ध्या मिनिटात त्यांना माफी मिळाली. राजेंद्रने हळूच श्वास सोडलेला मला दिसला. म्हाताऱ्या बापाच्या माथी मारूनही सुटायची त्याची तयारी होती.

"आजोबांनी आधी विचारलं होतं," मी म्हणाले. "कोणाला, ते बाबा सांगेल."

त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान वळवली.

"मला," राजेंद्र म्हणाला.

"मग तुला माहीत होता? तो इलेक्ट्रिशियन आला तेव्हा पण?"

त्याने होकारार्थी मान हलवली आणि आजोबांना वाईट वाटू नये वगैरे सुरू केलं. पूर्वीने त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही.

"चार दिवस मी आईशी बोलली नाही. तू रोज बघत होता." ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, तिला ते जमत नसावं. "कॉल देम बॅक. आईचा नाव काढ."

राजेंद्र म्हणाला, उद्या करतो, आता लाइन बिझी असेल. पूर्वी हलली नाही. त्याने नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. पंचवीस मिनिटं होल्डवरचं संगीत वाजत राहिलं. अण्णा, पूर्वी आणि मी, तिघंही तिथेच उभे राहिलो.