पारध्याकडून आलेला बैल

मी एक बैल बोलतोय. जन्मानं पारध्याचा, कर्मानं कुणब्याचा. दोन्ही घरचं खाल्लं आहे, म्हणून दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे. बोलतो सावकाश. घाई मला कधी जमली नाही.

वाशिमकडच्या अनसिंगच्या अलीकडं एका गावाच्या माळावर धरमसिंग पारधी आणि त्याची बायको हेमला यांचं पाल पडायचं. मी तिथंच जन्मलो. माझी आई शिकारीची गाय होती. मीही तेच शिकलो. मी चरत चरत तितरांकडं सरकायचो आणि धरमसिंग माझ्या पोटाआड वाकून चालायचा. पाखरं माणसाला भितात, गुराला नाही. ती माझ्यापुढं तुरुतुरु चालत थेट फाशात जायची. दुपारपर्यंत काम संपायचं. मग धरमसिंग सावलीत आडवा व्हायचा, हेमला कंद भाजायची, आणि बांधावरून जाणारे शेतकरी घाम पुसत म्हणायचे, काय आळशी लोक आहेत हे! कमी राबून जो पोट भरतो तो आळशी आणि जास्त राबून जो उपाशी राहतो तो शहाणा, हा हिशेब मला अजून उलगडलेला नाही.

एकाहत्तर साली पेरणीच्या तोंडावर गावातल्या उकंडरावांचा एक बैल साप चावून मेला. ते माळावर आले. धरमसिंगानं मला त्यांच्या हाती दिलं. बदल्यात घेतली पोतंभर ज्वारी आणि एक शब्द. गावात काही चोरीला गेलं की पहिलं बोट पारध्याच्या पालाकडं जातं, म्हणून गावातलं कुणीतरी त्यांच्या बाजूनं उभं राहावं लागतं. उकंडराव माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुह्यावर कोणी आळ घेतला तर मी बोलीन, धरमसिंग. या माळावरून तुले कोणी उठवणार नाही."

धरमसिंगाला ज्वारीपेक्षा तो शब्द मोठा वाटला.

पहिल्याच दिवशी मी तिफण ओढत होतो आणि बांधावर तितर बोलला. सवयीनं मी मान खाली घातली आणि हळूच आडवा सरकलो. जोडीदार माझ्यामागं, तिफण त्याच्यामागं. उकंडरावांना वाटलं, बैलाला झपाटलं. त्यांनी माझ्यावरून लिंबू उतरवलं. तितर पुन्हा बोलला, मी पुन्हा आडवा. त्या साली त्यांच्या शेतात ज्वारी नागमोडी उगवली.

शेतकऱ्याचं जगणं मी तेव्हा आतून पाहिलं. पेरायचं, निंदायचं, पाखरं हाकलायची, ढोरं हाकलायची, शेवटी माणसं हाकलायची. आणि एवढं करून तिन्ही त्रिकाळ तीच भाकर. पालावर आजची चिंता असायची. इथं परवाची, आणि आज असाच निघून जायचा.

बहात्तरला पाऊस फिरकला नाही. कणगीचा तळ दिसला. रेशनवर सरकारी लाल मिलो ज्वारी यायची, तीही पुरेना. तेव्हा उकंडरावांची बायको चंपाबाई पदराआड टोपली घेऊन माळावर गेली. हेमला टोपली पाहूनच उठली. नाल्याकाठी कडूकंद कुठं असतो, तो चिरून उकळून किती पाणी बदललं की कडूपणा उतरतो, हे तिनं हाताला धरून शिकवलं. ते घर कंदावर तगलं. पण शेजारीण आली की चंपाबाई भांड्यावर सूप ठेवायची. उपाशी आहोत हे गावाला कळलं तर चालेल, पारध्यासारखं खातो हे कळायला नको.

पुढच्या साली ज्वारी मातली. खळ्यावर कणसांचा ढीग लागला, आणि एका सकाळी पाहतात तो ढीग अर्धा. गाव जमलं. सगळे मातीत चोराची पावलं शोधू लागले, आणि शोधता शोधता आपल्याच पायांनी ती माती तुडवून मोकळे झाले. मग कुणीतरी धरमसिंगाला आणलं. एका कोपऱ्यात माती शाबूत होती. तो तिथं उकिडवा बसला, बोटानं चाचपलं.

"डुकरं हायेत जी. सात. एक मागच्या पायानं लंगडते. नाल्याकडून आले अन् तिकडंच गेले."

खरं होतं. त्या रात्री मी खळ्यातच बांधलेला होतो.

पाटील माणिकराव हसले. "तुले एवढं कसं मालूम रे? त्याइच्या पंगतीत बसला होता काय?"

सगळे हसले. हसता हसता ठरूनही गेलं, की चोर हाच.

धरमसिंग उकंडरावांकडं वळला. "मालक, तुमी बोला नं जी."

उकंडराव माझं दावं सोडू लागले. गाठ सैलच होती, तरी त्यांना फार वेळ लागला. चंपाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत राहिली.

दुपारी पाल उठलं. जाताना धरमसिंगानं माझ्या कानामागं खाजवलं आणि उकंडरावांना सांगितलं, याच्या खुरात खडा अडकतो, संध्याकाळी पाहत जा. हेमला थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "औंदा कंद नाल्याच्या वरच्या अंगाले हायेत, बाई. झाकून शिजवजा."

त्याला चार वर्षं झाली. डुकरं दर साली येतात. किती येतात ते सांगायला आता कोणी नाही. उकंडराव मचाणावर बसून डबा वाजवतात, खाली डुकरं निवांत जेवतात. परवा वाशिमच्या बाजारात ते ज्याला त्याला विचारत होते, कुठं पारधी दिसले का, आमचा माळ मोकळाच आहे म्हणावं. मी गाडीला जुंपलेला होतो, सगळं ऐकलं.

मी आता थकलो. फार दिवस राहिले नाहीत. एकच मागणं आहे. तुम्हाला कुठं धरमसिंग भेटला, तर उकंडरावांचा हा निरोप त्याला देऊ नका. तो भोळा आहे. येईल.