उदाहरणादाखल अकरा चिठ्ठ्या

आमच्या भाषांतर-कचेरीत एक शिस्त आहे. क्रियापद शब्दकोशातून थेट उचलायचं नाही. आधी त्याचं वाक्य स्वतः रचून चिठ्ठीवर लिहायचं, तपासनिसानं ते वाचायचं, मग शब्द पक्का. मी मुद्रितशोधक. माझं टेबल भाषांतरकार वहिनी आणि त्यांचा नवरा, म्हणजे आमचा तपासनीस, यांच्या मधोमध. चिठ्ठ्या माझ्याच हातून जातात, आणि कोण किती गिळतं याची नोंद मी मनात ठेवतो. खोड आहे, जात नाही.

त्या दिवशी इस्पितळाच्या चौकशी-खिडकीवर बसणाऱ्यांसाठीची पुस्तिका आली होती: पेशंट अंगावर आला तरी स्वतःला आवरायचं कसं. इंग्रजीत आवरण्याची, रोखण्याची, गिळण्याची बारा क्रियापदं. पाचपर्यंत ती स्पॅनिशमध्ये न्यायची होती. आणि पाचपर्यंतच वहिनींना एक उत्तरही द्यायचं होतं. परगावच्या एका प्रकाशनानं त्यांना स्पॅनिश विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. हे मला ठाऊक, नवऱ्याला नाही.

“सांगून टाका ना,” मी कुजबुजलो.

“सांगितलं की ‘बघू’ म्हणतील, भाऊजी. यांचं ‘बघू’ तुम्हाला नवीन आहे का?”

नव्हतं. त्या ‘बघू’खाली आमचा पंखा चार उन्हाळे बंद पडून होता.

पहिली चिठ्ठी आली. ‘होल्ड बॅक’साठी ‘कोंतेनेर्से’. वाक्य: ‘बायकोनं तीन आठवडे बातमी ओठांवर रोखून धरली आहे.’ तपासनिसानं बरोबरची खूण केली. दुसरीवर ‘आग्वांतार्से’: ‘तो विचारेल म्हणून ती कळ सोसते आहे.’ खूण. मग जीभ चावण्याचं, म्हणजे स्पॅनिशमध्ये ओठांवर आलेलं गिळण्याचं: ‘काल जेवताना तिनं जीभ चावली, त्यानं मीठ मागितलं.’ खूण, वर शेरा: झकास.

“अगं, आज उदाहरणं कशी जिवंत उतरली आहेत!”

“हो का? आणखी काही वाटलं?”

“सहावीत स्वल्पविराम राहिलाय.”

वहिनी उठल्या, बसल्या. खिडकी उघडली, लावली. टोक करता करता पेन्सिल अर्धी झाली. मी पायानं तपासनिसाची खुर्ची ढोसली.

“नीट वाच रे.”

“वाचतोय की! माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही.”

मुंगी नव्हतीच सुटत. हत्तीची मात्र त्याच्याकडे नोंद नव्हती.

अकरावी चिठ्ठी: ‘पाचच्या आत नवऱ्यानं एका शब्दानं विचारलं, तर ती जाणार नाही.’

त्याचं पेन थांबलं.

“‘जाणार नाही’च्या आधी ‘कदाचित’ घाल,” तो म्हणाला. “इतक्या ठाम वाक्यात संयम दिसत नाही.” आणि खूण केली.

वहिनींनी फोन उचलला आणि आमच्यादेखत नंबर लावला. “हो, मी येते. एक तारखेपासून.” फोन ठेवला.

बाराव्या चिठ्ठीसाठी पुढे केलेला तपासनिसाचा हात तसाच राहिला.

“कुठं जातेस?”

सबंध दिवसात बायकोला विचारलेला हा त्याचा पहिला प्रश्न. घड्याळात पाचला सात कमी होते. वेळेत होता बिचारा, फक्त फोननंतर.

“परगावी,” वहिनी म्हणाल्या. “बसा, सांगते.”

तो बसलेलाच होता. तरी उठला, आणि पुन्हा बसला.