तुम्ही पुढे व्हा

कॉलरच्या आत, मानेवर नेमकं जिथे हात पोचतो पण बोटं चालत नाहीत तिथे, प्लॅस्टिकचा एक बारीक दोरा टोचत होता — नव्या शर्टाचं लेबल तोडलं तरी मागे राहतोच तो, तांदळाएवढा — डोकं खाली घातलं की टोचायचा आणि वर केलं की गप्प बसायचा. त्यामुळे गेले सात किलोमीटर तो मान ताठ ठेवून सायकल चालवत होता, आणि मान ताठ ठेवली की समोरच्या पाठी दिसत होत्या. सव्वीस पाठी. सव्वीस पिवळे शर्ट, आणि प्रत्येकावर, दोन खांद्यांच्या मधोमध, जाड काळ्या अक्षरांत एकच वाक्य: ‘तुम्ही पुढे व्हा, मी मजेत आहे.’ त्याखाली बारीक टायपात — चष्मेवाल्या काकांचे शेवटचे शब्द.

काका हे म्हणाले नव्हते. हे वाक्य त्यानं तयार केलं होतं, गेल्या वर्षी, हॉस्पिटलच्या जिन्यात, पाण्याच्या मशीनशेजारी उभं राहून, साधारण दोन सेकंदांत. दोन सेकंदांच्या मानानं वाईट नव्हतं.

गटात जो सगळ्यात शेवटी चालवतो त्याला शेपूट म्हणतात. पंप, दोन ट्यूबा आणि मलमपट्टीची डबी शेपटाकडे असते. शेपटानं कुणालाही मागे टाकायचं नाही, हा एकच नियम. कुणी थांबलं की शेपूट थांबतं, कुणी झाडाआड गेलं की शेपूट सभ्यपणे ढगांकडे बघतं. हे पद त्याच्याकडे चार वर्षं आहे. आई म्हणते, “शाळेतही तू तिथेच होतास. निदान इथे त्याला नाव तरी आहे.” वर्षाचा शेवटचा आठवडा सुट्टीचा, कचेऱ्या बंद, शाळा बंद, रस्ते रिकामे, सकाळी तोंडातून वाफ निघते, आणि गट रोज उजाडताच बाहेर पडतो — आठ दिवस, आठ फेऱ्या. लोक सुट्टीत विश्रांती घेतात, आम्ही सुट्टीत थकतो आणि मग कामावर जाऊन विश्रांती घेतो. आजची आठवी. स्मृतिफेरी.

निघताना कॅप्टननं त्याला बाजूला घेतलं होतं. कॅप्टन विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे; आठवडाभर लोकांना ‘नियमात बसत नाही’ असं सांगून त्याच्यात जो चांगुलपणा साठतो, तो सुट्टीच्या दिवशी आमच्यावर सांडतो.

“उद्गारचिन्ह मी काढायला लावलं,” कॅप्टन म्हणाला. “प्रिंटरवाल्यानं ‘मजेत आहे!’ असं करून ठेवलं होतं. म्हटलं, अरे बाबा, माणूस गेलाय.”

“बरं केलंत.”

“आणि पाठीवरच का? विचार.”

“का?”

“मागच्याला वाचता यावं म्हणून. प्रत्येकाला समोर काका दिसणार.” कॅप्टननं शिट्टी तोंडाशी नेली आणि न वाजवताच खाली घेतली. “तू तर नशीबवान. तुला सगळ्यांच्या दिसणार.”

तर तो नशीबवान माणूस कालव्याच्या कडेनं मान ताठ ठेवून चालला होता. सर्वांत जवळची पाठ काकूंची. काकांचीच सायकल, सीट खाली आणून आणून तळाला टेकवलेली, तरी पाय जेमतेम पोचत होते. चोपन्नाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या, मार्च ते ऑगस्ट, शाळेच्या मैदानावर, दोनदा मनगट मुरगळून. तोल जायला लागला की त्या सायकलीला दटावत. “ए, सरळ. सरळ चाल म्हणते ना!” आणि सायकल ऐकायची. त्या दटावणीबरोबर शर्ट ताणला जायचा आणि ‘मजेत’ जरा लांब व्हायचं.

पुढे कालवा सरला की टेकडीचा पायथा, पायथ्याशी पाण्याचा जाडजूड पाइप, आणि तिथेच…

तिथेच, गेल्या वर्षी, धुक्यात. काका एका फेरीत सहा-सात वेळा थांबत. बुटाची नाडी, रुमाल, पक्षी, आणि मुख्य म्हणजे लोकांचे चष्मे. चालत्या माणसाला थांबवून त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचे. “अरे, ही काच आहे की न्हाणीघराची खिडकी? आण इकडे.” आणि पुसत पुसत डोळ्यांच्या नंबरांवर प्रवचन, जे ऐकता ऐकता घाम गार व्हायचा. दर वेळी आरोळी तीच — “थांब रे जरा!” — आणि दर वेळी शेपूट थांबायचं. त्या दिवशी ते पाइपाजवळ उतरले, सायकलवर ओणवे झाले, आणि शेपटानं मनाशी म्हटलं की नाडी असेल. वर, टेकडीच्या माथ्यावर, चहा होता. बोटांत जीव नव्हता. कानांत गाण्यांचे बोळे होते, पण फोन वीस मिनिटांपूर्वीच मेला होता, म्हणजे कानांत नुसतेच बोळे. तो त्यांना ओलांडून पुढे गेला. फक्त चढाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊ, असं.

“थांब रे जरा!”

ऐकलं मी. नेहमीचं होतं.

मग दुसरी हाक. “थांब रे…” ‘जरा’ नव्हतं, आणि आवाज पहिल्यापेक्षा निदान पंधरा डेसिबलनं खाली होता. हे त्याला कळतं. हेच त्याचं काम आहे. त्यानं ठरवलं की अंतर वाढलंय म्हणून आवाज खाली गेला. पण एवढ्या दहा-वीस पावलांनी पंधरा डेसिबल पडत नाहीत, हेही त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि त्याचे पाय जोरात फिरायला लागले होते. फिरतच राहिले. फोन जरी मेला असला तरी मनगटावरचं घड्याळ जागं होतं. संध्याकाळी घड्याळानं त्याला कळवलं की या चढावर आजवरचा तुमचा सर्वोत्तम वेग, अभिनंदन, आणि एक सोनेरी पदक दिलं. ते त्यानं अजून पुसलेलं नाही. पदक पुसण्याचं बटण असतं, ते सापडतं, बोट त्यावर जातं, आणि ते विचारतं — नक्की?

माथ्यावर कॅप्टननं विचारलं, “काका?” “परत फिरले बहुतेक,” तो म्हणाला आणि चहा प्याला. दोन कप. पन्नास मिनिटांनी दुधाच्या गाडीवाल्याला काका सापडले, पाइपाला पाठ टेकून बसलेले. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीण बाई कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, “अर्धा तास आधी जरी…” आणि वाक्य तसंच हातातल्या फायलीत घालून निघून गेल्या. ते अर्धं वाक्य तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत वाटलं गेलं; कुणाला किती आलं माहीत नाही. मग जिन्यात काकूंनी त्याचा दंड धरला. “तू शेवटी होतास ना रे त्यांच्याबरोबर? काय म्हणाले?”

दोन सेकंद.

तो कानांच्या दवाखान्यात श्रवण तपासतो. काचेची पेटी, आत खुर्ची, खुर्चीत माणूस, माणसाच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबा, कितीही बारीक असला तरी. महिन्यातून एखादा असा येतो, ज्याला काहीच झालेलं नसतं, बहिरेपणाचा दाखला हवा असतो फक्त. असा माणूस बटण दाबत नाही, समोर भिंतीकडे बघत बसतो, चेहऱ्यावर भलती शांती. मग आमचा धाकटा डॉक्टर माइकवर हळूच म्हणतो, “साहेब, तुमची चेन उघडी आहे,” आणि साहेब खाली बघतात. झालं. यंत्रं कोट्यवधींची आणि निदान चेनवर.

त्याची चेन कुणीच तपासली नाही. उलट सगळ्यांनी मिळून ती लावून दिली. “कानात ते बोळे असतात ना तुझ्या,” कॅप्टन म्हणाला. पंचनाम्याला आलेला हवालदार म्हणाला, “धुक्यात आवाज पोचत नाही.” आई म्हणाली, “तुला तर मी बाजूच्या खोलीतून हाक मारली तरी ऐकू येत नाही.” इतके साक्षीदार असल्यावर मी वेगळं काय सांगणार होतो?

आणि दर पंधरवड्याला काकूंकडे. त्याच बोलवत. चष्म्याचं दुकान आता त्या एकट्या बघत, रविवारी दुपारी मधला दरवाजा लोटून घरात येत, समोर बसवून म्हणत, “सांग बरं परत.” परत तेच सांगायला लाज वाटायची, म्हणून तो दर वेळी थोडं जास्त सांगायचा. एप्रिलमध्ये काका हसले. जूनमध्ये त्यांनी हात वर केला. सप्टेंबरपर्यंत त्या धुक्यात पाइपावर एक खंड्या येऊन बसला आणि काका त्याच्याकडे बघत होते. काकू ऐकत, मान हलवत, त्याचा चष्मा पुसून देत. त्याला नंबर नव्हताच. उन्हाचा चष्मा होता, तोच पुसत.

आज सांगायचं, हे त्यानं ठरवून आणलं होतं. सात दिवस सात फेऱ्यांत ठरवलं होतं. काका, दुसरी हाक, पंधरा डेसिबल, सगळं, पाइपापाशी, काकूंसमोर. मग त्या काय करायचं ते करोत. शर्ट जाळोत.

पाइप आला. पुढच्या पंचवीस जणांनी तिथे ओळीनं घंटी वाजवली — कॅप्टनची कल्पना — ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग, जसं एखाद्या देवळात सगळ्यांना एकदमच नवस आठवावेत. मग ते चढाला लागले आणि वळणाआड गेले. काकूंनी घंटी वाजवली नाही. त्यांनी ब्रेक दाबला, सायकलीला “थांब हं” म्हणाल्या आणि उतरल्या. तोही उतरला. आज धुकं नव्हतं. वाराही नव्हता. पाइपाच्या जोडातून पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

“इथे?” काकूंनी विचारलं.

“हो.”

त्यांनी पाइपाला हात लावून पाहिला, गार लागला तसा काढून घेतला. मग सायकल ढकलत चढाला लागल्या. तो मागे. वळण जवळ आलं, त्यानं तोंड उघडलं, आणि काकूच बोलल्या.

“एक सांगू? रागावू नकोस.”

“बोला ना.”

“तीस वर्षांत हा माणूस ‘मजेत’ म्हणाला नाही रे कधी. कुणी विचारलं, कसं काय, तर म्हणायचे, ‘चाललंय, थांबलं की कळवतो.’”

त्याला हसू फुटलं, आणि फुटल्यावर ते कुठे ठेवावं कळेना.

“मग काकू, हे शर्ट…”

“कॅप्टन फोनवर रडत होते. आणि त्या दिवशी जिन्यात तुझं तोंड बघून मला वाटलं, आता ह्यालाच सलाईन लावायला लागतंय. म्हटलं, असू दे. वाक्य चांगलं आहे. खंड्या मात्र जरा जास्तच झाला.”

त्या पुढे बघत चालत होत्या. सायकलीचं चाक टकटक करत होतं. मग, आवाज न चढवता, न उतरवता, दुकानात एखाद्याला ‘हे अक्षर दिसतं का’ विचारावं तसं —

“त्यांनी हाक मारली होती का रे तुला?”

चार फुटांवरून. शांत हवेत. नव्वदीच्या म्हाताऱ्यालाही ऐकू गेलं असतं. शब्दन्‌शब्द कानातून आत गेला, बसायचा तिथे बसला, आणि उत्तर एकाच अक्षराचं होतं, ते तोंडात तयार होतं, वर्षभर तयार होतं, आणि त्यानं स्वतःचा आवाज ऐकला —

“काय?”

काकूंनी वळून बघितलं. फार वेळ नाही. कपाळावर एक आठी आली, ती कशाची ते त्याला कळण्याआधी गेली.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “चल. वर चहा गार होत असेल.”

आणि त्या चालायला लागल्या. वरून शिट्टी ऐकू आली, कुणाचं तरी हसणं, कपांचा आवाज. तो मागून चालत राहिला, आणि मनात म्हणत राहिला — विचारा ना. एकदाच अजून. हळू विचारा, पुटपुटा, नुसते ओठ हलवा. मी ऐकतो, काकू, मला सगळं ऐकू येतं… त्या विचारत नव्हत्या. श्वास घेत होत्या, चढावर घेतात तसा, आणि प्रत्येक श्वासाच्या टोकाशी त्याला वाटत होतं की आता. आता. दोन हाका त्यानं वर्षभर मोजल्या होत्या, किती उंच, किती खाली, किती डेसिबल. पण त्या दोन हाकांच्या मधे जे होतं, काका पाइपाला टेकून, ऐकूनही पुढे चाललेल्या माणसाच्या पाठीकडे बघत, पुन्हा हाक मारावी की नाही हे ठरवत होते तेवढं, ते त्यानं कधी मोजलं नव्हतं. किती लांब होतं ते, आणि त्यात किती वेळा त्यांनी तोंड उघडलं असेल आणि मिटलं असेल. आता ते मोजावं लागत होतं. एक पाऊल, मग एक, काकूंच्या पाठीमागे, आणि ते संपत नव्हतं.