रविवारची सुई

बादलला सुईची भीती वाटायची. उमरखेडच्या जिममध्ये पोरांकडून घाम गाळून घेणारा हा पठ्ठ्या, सुई दिसली की डोळे मिटायचा. म्हणून दर रविवारी त्याच्या कमरेत इंजेक्शन टोचायची ती राखी, त्याची बायको. "ताकदीचं हाये," एवढंच त्यानं सांगितलं होतं. तिनं चार वर्षं इमानेइतबारे टोचलं.

त्या चार वर्षांत पाळणा हलला नाही. सासू भुरीबाईनं राखीला उपास करायला लावले, झाडपाला पाजला, मग नुसते टोमणे उरले. शेवटी राखीनंच हट्टानं बादलला डॉक्टरकडे नेलं.

रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. इंजेक्शनची बाटली पाहून डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "शुक्राणू तयार करा, असा निरोप मेंदू हार्मोन सोडून अंडकोषांना देत असतो. तुम्ही पुरुषी हार्मोन बाहेरून टोचता. मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आणि तो निरोप देणंच थांबवतो. अंग फुगतं, बीज बंद. हे सोडा, वर्षभरात बहुतेक सुरू होईल."

राखीला आनंदानं रडूच फुटलं. फक्त एक वर्ष!

"सोडलं तं आंग उतरन," बाहेर येऊन बादल म्हणाला. "जिममंदी कोन इचारन मले?"

"अन् घरात मले कोन इचारते?"

पुढच्या रविवारी तिनं सुई धरायला नकार दिला, तेव्हा त्यानं तिला मारलं.

भुरीबाईनं त्यांच्या बंजारा तांड्याच्या नायकाकडे, म्हणजे मुखिया सेवादासकडे, गाऱ्हाणं नेलं. वांझ सून नको, सोडचिठ्ठी द्या. लिंबाखाली चार जाणती माणसं बसली. राखीनं रिपोर्ट पुढे केला. सेवादासनं तो न वाचताच मांडीखाली ठेवला.

"बादल, शर्ट काढ."

बादलनं काढला. माणसं खूश होऊन हसली. "अशा गड्यात खोट असन काय?" जसं काही मूल छातीतून जन्मतं! मला या शहाण्यांची किळस येते.

"हे आंग सुईचं हाये!" राखी ओरडली. "मीच टोचत होती दर रविवारी!"

हसणं थांबलं. भुरीबाई ताडकन उठली. "आयका! नवऱ्याले सुया टोचे म्हनते! हिनंच माह्या पोराचं वाटोळं केलं!"

सगळे बादलकडे पाहू लागले. राखीही पाहत होती. त्यानं एक शब्द बोलायचा होता.

"मले काय मालूम ते काय टोचे," बादल म्हणाला. "मी तं डोये मिटून राहो."

सोडचिठ्ठी घेऊन राखी त्याच दिवशी माहेरी गेली.

उन्हाळ्यात बबिता नवी नवरी होऊन आली. पहिल्याच रविवारी बादलनं तिच्या हातात सुई दिली.

"कायचं हाये?"

"ताकदीचं," म्हणत त्यानं डोळे मिटले. बाहेर भुरीबाई शेजारणीला सांगत होती, "आता पाहा, वर्षाच्या आत नातू."