बाबांचं बरं

"बरं," बाबा म्हणाले.

खोलीत कुणी काही विचारलंच नव्हतं. धाकटी खाली बसून त्यांच्या पायात मोजे चढवत होती. तिनं मान वर केली. "काय हो बाबा?"

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. कुणाचं तरी बोलणं पुरतं ऐकून घ्यावं तसे ते थांबले आणि पुन्हा म्हणाले, "बरं."

झटका आल्यापासून बाबांजवळ हा एवढाच शब्द उरला होता. उजवा हात गेला, पाय निम्मा गेला, आणि बाकीचे सगळे शब्द एका सकाळीत गेले. "त्यांना किती समजतं ते सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "हा शब्द तोंडात बसलाय म्हणून येतो. त्यातून काही अर्थ काढत बसू नका."

तोंडात बसणारच. बाबांनी जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या आणि जन्मभर कुणी काहीही म्हटलं तरी तेवढंच उत्तर दिलं. घरात बोलायची ती आई. ती वाक्यं बोलायची, बाबा पूर्णविराम द्यायचे. "ह्यांच्यापुढं अमृत ठेवा, म्हणतील बरं. एरंडेल ठेवा, तरी बरं!" असं ती चारचौघांत म्हणायची, आणि बाबा मान हलवून म्हणायचे, "बरं." मग सगळे हसायचे.

ती आई जाऊन आता काळ लोटला होता.

सुरुवातीला धाकटीनं लक्ष दिलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं की या रिकाम्या 'बरं'मध्ये फरक आहे. कधी आधी लांबलचक शांतता असे आणि मग थकलेलं 'बरं' येई. गल्लीतल्या कुणाची तरी भानगड साग्रसंगीत ऐकून झाल्यावर यायचं तसं. कधी तुटक, उठायच्या बेतातलं. काहीतरी आणायला सांगितल्यासारखं. एका संध्याकाळी ते असंच "बरं" म्हणाले आणि चांगल्या हातानं आपला निकामी पाय गुडघ्याखाली धरून उचलला. थोडा वेळ तसाच अधांतरी धरून ठेवला. मग खाली सोडला.

धाकटी दारातच थिजली. आई केर काढायची तेव्हा खुर्चीखाली झाडू फिरवता यावा म्हणून बाबा असेच पाय उचलायचे.

तिला भीती नाही वाटली. वाटला तो हेवा. अंघोळ घालायची तिनं, भरवायचं तिनं, उचलता उचलता कंबर धरायची तिची, आणि बाबा बोलत होते ते आईशी.

धाकटी समानार्थी शब्दांच्या कोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासायची. त्या आठवड्यात तिच्या टेबलावर आले होते ते सगळे फिके शब्द. ठीक, बेताचं, जेमतेम, सुमार, साधारण. चहाच्या वेळी ती संपादक बाईंना म्हणाली, "बाई, हे शब्द कुठून येतात हो? कुणाला लागतात एवढे? कशाचंच काही न वाटण्यासाठी इतके शब्द?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "जन्माला येताना कुणी फिकं नसतं गं. साधारण म्हणजे मुळात ज्यांचा आधार एक आहे ते. यथातथा घे. जसं आहे अगदी तसं, म्हणजे खरं! आता मुलाचे मार्क यथातथा म्हटलं की आई रडते."

"आणि बरं?"

"बरा? तो तर फार मोठ्या घरचा. 'वर' म्हणजे निवडलेलं, सगळ्यांत उत्तम. देव देतो तो वर, मुलगी निवडते तो वर. त्या 'वर'चाच झाला 'बरा'."

"मग इतका खाली कसा आला?"

"वापरून. चांगलं भांडं रोज काढलं की ते रोजचंच होतं." बाईंनी कप खाली ठेवला. "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत," धाकटी म्हणाली.

रविवारी दादा आला. डोंगराच्या पायथ्याशी एक शुश्रूषागृह होतं, तिथली एक खोली त्यानं पाहून ठेवली होती. "चिमे, तुझी कंबर बघ. जिना बघ. तू कामावर गेलीस की शेजारच्या काकू तासाला एकदा डोकावतात. पडले म्हणजे?"

"त्यांना विचारलंस?"

दादा बाबांसमोर उकिडवा बसला. "बाबा, तिथं राहायला जायचं का? बाग आहे, माणसं आहेत."

"बरं."

"बघ!"

"थांब. बाबा, इथंच राहायचं ना? माझ्याजवळ?"

"बरं."

दादा चिडला. "बाबा, खिडकीतून खाली फेकू का तुम्हाला?"

"बरं," बाबा अगदी गोडीनं म्हणाले.

दादाला हसू फुटलं. धाकटीलाही. दोघं भावंडं पोट धरून हसली, आणि हसता हसता दादानं बाबांच्या मांडीवर डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही.

"असं नको," शेवटी धाकटी म्हणाली. "विचारायचं नाही. नेऊन दाखवू. मग काय ते बघू." मनात तिची खात्री होती, बाबा उंबऱ्यातूनच पाय मागे घेतील.

शुश्रूषागृहातली खोली लहान होती. पलंग, कपाट, दोन खुर्च्या, आणि एका भिंतीत मोठी खिडकी. बाबांना दोघांनी दोन्हीकडून धरून आत आणलं. ते पलंगाकडे गेले नाहीत. त्यांनी अंगाचा रोख खिडकीकडे वळवला, म्हणून दोघंही त्यांच्यासोबत वळली.

बाबांनी डावा हात वर केला. बोटाच्या पेरानं काचेवर टकटक केलं, कान देऊन ऐकलं. मग अंगठा चौकटीच्या कडेनं, काच पक्की करायला लांबी, म्हणजे पुटी, भरलेल्या रेघेवरून सावकाश खालपर्यंत नेला. एका जागी लांबी सुटली होती. तिथं अंगठा थांबला, त्यांनी ती दाबून बसवली.

"बरं," ते म्हणाले.

हे स्वयंपाकघराला दिलेलं उत्तर नव्हतं. काम पाहून झाल्यावर, मनात सगळं ठरल्यावर घरमालकाला सांगायचे ते 'बरं' होतं. धाकटीनं ते लहानपणी त्यांचा डबा द्यायला जायची तेव्हा ऐकलं होतं, अनोळखी लोकांच्या घरात.

मग ते खिडकीशी खुर्चीत बसले. धाकटीनं विचारलं, "बाबा, निघू या? घरी जाऊ." त्यांनी तिच्या कंबरेला बांधलेल्या पट्ट्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि हात मागे घेतला. शब्द वापरला नाही. उठलेही नाहीत.

बाबांना तिथंच ठेवून परतताना गाडीत दादा म्हणाला, "रडू नकोस. त्यांनीच ठरवलं ना?"

"म्हणून तर रडतेय," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं घराचं दार उघडलं आणि उभी राहून ऐकलं. नळाचा थेंब, वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी चपला. आईची रोजची जी चाहूल तिला घाबरवत नव्हती आणि झोपूही देत नव्हती, ती कुठंच नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन तिनं दिवा लावला. ओटा, भांडी, डबे. एवढंच.

पुढच्या रविवारी ती भेटायला गेली. दाराशीच सेविका भेटली. "काही त्रास नाही हो त्यांचा," ती म्हणाली. "शांत बसून असतात, मधूनच बरं-बरं करतात. एकच आहे. ती दुसरी खुर्ची आम्हाला हलवू देत नाहीत. काल शेजारचे आजोबा गप्पा मारायला बसायला गेले, तर खुर्चीवर हात आडवा धरला त्यांनी."

बाबांची दाढी केलेली होती. दुसरी खुर्ची त्यांनी अगदी जवळ ओढून घेतली होती, थोडी तिरकी, म्हणजे बसणाऱ्यालाही खिडकीतून बाहेरचं दिसावं. धाकटी आत आली तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसले, आणि पुन्हा मान वळवून कुणाचं तरी राहिलेलं बोलणं ऐकू लागले.

तिसरी खुर्ची खोलीत नव्हती. धाकटीनं पिशवी खाली ठेवली आणि कंबरेला आधार म्हणून भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली. त्यांचं बोलणं होईपर्यंत.