रामनवमीची पेटी आणि अकरा फुटबॉलवाले

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलात तर डुलकी लागेल, आणि ही गोष्ट डुलकीत निसटण्यासारखी नाही. देवासच्या आमच्या राममंदिरात एका वर्षी फुटबॉलवाल्यांची भक्ती कशी सुरू झाली, ते सांगतो. मीठमसाला माझ्या पदरचा समजा, पण गोष्ट चवीची आहे.

संस्थानं विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. देवासात तर एक सोडून दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्ही मध्यभारतात विरघळली, पण माणसांच्या डोक्यातली हद्द जागच्या जागी राहिली. मंदिराच्या कमिटीत थोरल्या पातीचा माणूस खोकला की धाकट्या पातीचा माणूसही हक्कानं खोकून घ्यायचा. दरबारातून उत्सवाला जे येत असे ते बंद झालं होतं. मान मात्र दोन्हीकडचे शाबूत होते, कारण त्यांना खर्च नव्हता.

अशात मंदिराची पेटी कामातून गेली. भाता उंदरांनी खाल्ला, आतले सूर गंजले. एक पट्टी दाबली की तीन ओरडायच्या. आणि रामनवमी तोंडावर.

रामजन्माचं कीर्तन आमच्या देवळाचे कीर्तनकार मोरोपंत यांचं. त्यांच्या वडिलांनीही तिथेच उभं राहून रामजन्म सांगितला होता. पंतांचा आवाज अजून गोड होता, पण वय झालं होतं. पेटीचा आधार सुटला की सूर हळूहळू खाली उतरायचा, आणि तो उतरलेला त्यांनाच शेवटी कळायचा.

कमिटीचे अध्यक्ष भैयासाहेब, थोरल्या पातीचे जुने मानकरी. त्यांनी सभेत सरळ सांगितलं, "पंत, पेटी नसेल तर यंदा लाउडस्पीकर. इंदूरहून माणूस येतो, रेकॉर्डी लावतो. त्याला धाप लागत नाही."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही ऐका की. इतकी वर्षं आम्हाला ऐकवलंत."

पंत हसले, पण घरी जाऊन जेवले नाहीत. एकदा भोंगा देवळात शिरला की तो पुन्हा बाहेर जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. यंदा पेटी आली तर कीर्तन राहणार, नाहीतर पंतांचं उपरणं खुंटीला ते कायमचं.

तेव्हा गोपाळराव धावून आले. हे कमिटीचे चिटणीस, धाकट्या पातीचे, शाळेत कारकून. त्यांनी चित्रांच्या जाहिरातीसकट बातमी आणली, एका चहा कंपनीच्या पुड्यात फुटबॉल खेळणाऱ्यांची चित्रं निघतात. कंपनीच्या आल्बमात अकराच्या अकरा गडी चिकटवून इंदूरच्या एजंटाकडे न्यायचे. पहिलं बक्षीस हार्मोनियम, दुसरं भिंतीवरचं घड्याळ, आणि फुटबॉल तिसरा.

"अकरा?" मोरोपंतांचे डोळे चमकले. "एकादशीचा आकडा! आणि पाहा, सगळे अनवाणी. नेमाची माणसं दिसतात."

कमिटी कामाला लागली. पुडे विकत घ्यायला पैसा नव्हता, तेव्हा भक्तीनं घ्यायचे ठरले. पंतांनी रोजच्या प्रवचनात त्याग हा विषय घेतला. आरतीचं ताट फिरलं की ते हळूच म्हणायचे, "पैसा नसला तरी चालेल हो, फुटबॉलवाला टाका." ज्या म्हाताऱ्यांनी काशीला चहा सोडला होता त्यांनी रामासाठी तो पुन्हा धरला. ऐन उन्हात घरोघरी चहा उकळू लागला. चहा असा, की कितीही उकळला तरी पाण्याला आपला रंग सोडवेना.

आल्बम गोपाळरावांच्या घरी, त्यांची बायको यमुनाबाई हिच्या ताब्यात. खळ शिजवायची तीच, चिकटवायची तीच. पण पहिला फुटबॉलवाला कुणाच्या हस्ते चिकटवायचा यावर कमिटीच्या दोन बैठका झाल्या. शेवटी भैयासाहेबांनी डावा कोपरा धरला, गोपाळरावांनी उजवा, आणि चित्र मधून सुरकुतलं. यमुनाबाई म्हणाली, "आता पुढचे दहा मी एकटीच चिकटवते. माझी पाती कुठली ते कुणाला आठवत नाही."

दहा झाले. सेंटर-फॉरवर्ड तर पोत्यानं साठले, बायका त्यांचा दिवे झाकायला उपयोग करू लागल्या. पण गोली, तो जाळीपुढे हात पसरून उभा राहणारा, निघेना. स्टँडवरचा चहावाला म्हणाला, "अरे भिया, गोली तो अठे कोई के नी मिल्यो. सुना है धार में किसी सरदार के यहाँ है."

ते सरदार म्हणजे उदाजीराव. मोरोपंत आणि गोपाळराव खिशात सहा सेंटर-फॉरवर्ड घेऊन बसनं धारला गेले. उदाजीरावांनी गोलीला काचेच्या चौकटीत घालून पूर्वजांच्या रांगेत टांगलं होतं.

"बदली?" उदाजीराव म्हणाले. "सहा पुढे पळणारे देऊन एक दरवाजा राखणारा मागता? अहो, आमच्या सात पिढ्यांनी किल्ल्याचा दरवाजा राखला. हा उभा कसा आहे पाहिलंत? आमच्या पणजोबांची ठेवण."

"रामरायाचं काम आहे, सरकार," पंत म्हणाले.

"मग तसं म्हणा. बदली व्यापारी करतात. आम्ही नजर करतो."

नारळ आला, विडा आला, तबकात गोली आला. अट एकच. कीर्तनात अयोध्येचा द्वारपाल यावा, आणि त्याचं वर्णन जरा सविस्तर व्हावं. पंतांनी तिथेच द्वारपालाला भरघोस मिशा देऊन टाकल्या. उदाजीरावांनी आपल्या मिशीवरून हात फिरवला आणि तबक पुढे केलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अकरावा गडी आल्बमात बसला. दुसऱ्या दिवशी पाडवा. आपल्याकडे पाडव्याला नवं पंचांग पूजतात, आणि घरात आलेली नवी वस्तू कोऱ्या कपाळानं पुढे जात नाही. यमुनाबाईनं गुढीजवळ पाट मांडला, पंचांगाशेजारी आल्बम उघडा ठेवला. पंचांगाला गंध लावलं, आणि मग एकेका फुटबॉलवाल्याच्या कपाळी कुंकवाचं बारीक बोट टेकवलं. अकरा जण न्हाऊन-माखून जेवायला बसल्यासारखे दिसू लागले. सगळी कमिटी दर्शनाला आली. भैयासाहेब म्हणाले, "सूचना माझीच होती." गोपाळराव म्हणाले, "घर माझं आहे."

दोघे मिळून आल्बम इंदूरला घेऊन गेले. एजंट तरुण, टाय लावलेला. त्यानं पान उलटलं आणि चष्मा काढला.

"ये लाल निशान किसने लगाया?"

"कुंकू आहे. शुभ असतं," भैयासाहेब म्हणाले.

"साहब, जिस तस्वीर पर इनाम दे देते हैं, उस पर हम खुद लाल निशान लगाते हैं. ताकि कोई दुबारा न ले आए. आपके तो ग्यारह के ग्यारह पर है."

त्यानं आपल्या टेबलावरचा निकाली आल्बम दाखवला. त्यातल्या प्रत्येक गड्याच्या कपाळी तसाच लाल ठिपका होता, शाईचा. गोपाळरावांनी धोतराच्या सोग्यानं गोलीचं कपाळ पुसलं, तर कुंकू त्याच्या नाकापर्यंत पसरलं. एजंट वाईट माणूस नव्हता. त्यानं दोघांना चहा पाजला. दुसऱ्या कंपनीचा.

परतीच्या बसमध्ये भैयासाहेब म्हणाले, "पूजेची सूचना चिटणिसांची होती."

गोपाळराव म्हणाले, "घरात काय चालतं ते मी बघत नाही."

यमुनाबाईला कळलं तेव्हा ती चुलीपुढे होती. तिनं तवा खाली उतरवला. आल्बम घेतला, पदराखाली धरला आणि थेट मोरोपंतांच्या दारी गेली. "पंत, माझ्या बोटानं घालवलं तुमचं कीर्तन."

पंतांनी आल्बम उघडला. "छान दिसताहेत गं," म्हणाले. "एकालाही वाटलं नव्हतं, आपल्याला कुणी ओवाळील म्हणून."

रामनवमी आली. भोंगा खांबाला बांधला गेला. भैयासाहेबांनी मोठ्या मनानं पंतांना जन्माआधी अर्धा तास दिला. "बोला थोडं. मग रेकॉर्ड लागेल."

पंत उभे राहिले. हातात चिपळ्या, बाजूला मृदंग, पेटीच्या जागी रिकामी सतरंजी. नमन झालं, आणि दुसऱ्याच पदात सूर उतरू लागला. लोक चुळबुळले. पोरं भोंग्याकडे बघू लागली. इंदूरच्या माणसानं यंत्राला किल्ली देऊन ठेवली. पंतांना कळलं. ते थांबले, घाम पुसला, आणि पुढलं पद सुरू करायला त्यांचं धाडस होईना.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बारीक, सरळ सूर आला. षड्ज. यमुनाबाई डोळे मिटून बसली होती आणि ओठ मिटून सूर धरून होती. भरल्या सभेत बाईमाणसानं आवाज काढावा, हे त्या देवळात घडलं नव्हतं. भैयासाहेब खोकले. गोपाळरावही, सवयीनं, खोकले. बाई थांबली नाही. पंतांनी त्या सुरावर पाय ठेवला आणि पद उचललं.

यमुनाबाईचा श्वास संपत आला तेव्हा शेजारणीनं तोच सूर घेतला, मग तिच्या शेजारणीनं. एकीचा दम संपे तोवर दुसरीचा भरलेला असे. सूर काही तुटला नाही. अयोध्येचा द्वारपाल आला, मिशांसकट. कौसल्या आली. अर्धा तास केव्हाच उलटला. भैयासाहेबांनी इंदूरच्या माणसाला हातानं खूण केली, पण तो रडत होता आणि त्याला खूण दिसली नाही. सूर्य डोक्यावर आला, गुलाल उडाला, पाळणा हलला.

लगोलग कमिटीची बैठक भरली. ठराव एकमतानं झाला, पातींच्या इतिहासात पहिल्यांदाच. रामजन्माचं कीर्तन मोरोपंतांचंच राहील आणि सूर बायका धरतील, कारण भोंग्याला भाडं पडतं आणि बायकांना पडत नाही. सूचना कुणाची, यावर मात्र अजून वाद आहे.

पंत त्यानंतर बरीच वर्षं उभे राहिले. तर मंडळी, कुठे कीर्तनाला बसलात आणि बुवांच्या मागे कुणीतरी, नाव न पुकारलेलं, नुसता एक सूर धरून बसलेलं दिसलं, तर आमच्या यमुनाबाईची आठवण काढा. बुक्का लावून घ्याल तेव्हा तिच्याही नावानं एक बोट लावा.