घर वापरात नाही

"साहेब, घर रिकामं आहे म्हणता, मग आत खोकतंय कोण?"

दारावर 'रिक्त' अशी पट्टी चिकटवायला आलेला तपासनीस थबकला. हे विचारणारी सून पुन्हा पुन्हा कार्ड कुलपाला लावत होती आणि कुलूप लाल दिवा दाखवत होतं. शेवटी सासूनेच आतून दार उघडलं.

"काय गं, कसला गोंधळ?"

"आपण इथे राहत नाही म्हणतायत, आई."

"मग माझं भूत राहतं का?"

तपासनिसाने फोन पुढे केला. गरिबांसाठीची ही स्वस्त घरं कुणी घेऊन नुसती कुलूप लावून ठेवू नयेत, म्हणून प्रत्येक घरातलं पाणी आणि वीज यंत्र मोजत असे. वापर दिसला नाही की कार्ड बंद. घर रांगेतल्या पुढच्या कुटुंबाला.

"दिवासुद्धा लागत नाही तुमच्याकडे," तो म्हणाला.

लागणार कसा? सून इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरी धुवायची, अंघोळ तिथेच उरकायची. संध्याकाळी दोघी जिन्यातल्या फुकटच्या उजेडात भाजी निवडत बसायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासात. टँकरमागे धावण्यात सासूचा जन्म गेला होता. घरात नळ आला तरी तिने तो कधी करंगळीएवढ्या धारेपलीकडे सोडला नव्हता.

"म्हणजे काटकसर केली म्हणून आम्ही मेलो," सून म्हणाली. आवाज चढला नाही. जबडा तेवढा आवळला. "उधळेल तोच जिवंत."

"माझ्यावर कशाला चिडता, ताई? मला दिसताय तुम्ही. पण माझं लिहिलेलं यंत्र घेत नाही. दिवस मावळायच्या आत भरपूर पाणी वापरलेलं दिसलं, तर घर आपोआप तुमच्या नावावर राहील. नळ सोडून द्या मोरीत."

सासूने कानांवर हात ठेवले. "मोरीत? पाप आहे हो ते."

"यंत्राला पाप कळत नाही, आजी."

"यंत्राचं राहू द्या," सून म्हणाली. "ते बसवणाऱ्यांना कळतं का, तेवढं विचारून या."

तो पट्टी हातात घेऊन जिन्यात थांबला.

सुनेने नळ पूर्ण सोडला. बादल्या भरल्या, पिंप भरलं, पातेली, तांबे, डब्यांची झाकणंसुद्धा भरली. सासूने शेजारणींना हाका मारून त्यांची भांडी आणवली.

"आज काय लग्न काढलंय घरात?" एक शेजारीण हसली.

"नाही. माणसांत गणती करून घेतोय," सासू म्हणाली.

मग भांडी संपली. पाणी धो धो मोरीत जाऊ लागलं. सासूचा हात नळाकडे गेला. सुनेने तो धरला.

"राहू द्या, आई. अजून त्यांना आपण दिसलो नाही."

सासू मोरीच्या काठावर उकिडवी बसली आणि तिने धारेखाली ओंजळ धरली. ओंजळ भरली, वाहू लागली. तिने हात काढले नाहीत.